ऑईल फिल्टरचे आटे गेले तर

(जिल्हा बैठकीतील भाषण)



भावाचं आणि बियाण्याचं बोलणं सकाळीच झालं. मला दिलेला वेळ मी पिकअपच्या पोटाखाली घालवणार आहे. हसू नका. बाहेर वडाखाली ज्या गाड्या उभ्या आहेत, त्यातल्या बहुतेकांचा हप्ता अजून चालू आहे.

मागच्या हंगामात आमची गाडी कापूस भरून जिनिंगकडे निघाली. आदल्या दिवशीच एका गॅरेजात ऑईल बदललं होतं. सहा-सात किलोमीटरवर ऑईलचा लाल दिवा लागला. चालवणारा पोरगा शहाणा, त्यानं तिथंच इंजिन बंद केलं. खाली वाकून पाहतो तर रस्त्यावर तेलाची धार आणि फिल्टरचा डबा हातानं हलतोय. तशीच पुढं ओढली असती तर क्रँकचे बेअरिंग गेले असते. गॅरेजवाला म्हणाला, आटे गेले, इंजिन उतरवावं लागेल. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी मनात कापसाचे क्विंटल मोजायला लागलो. शेवटी तालुक्याच्या एका म्हाताऱ्या लेथवाल्यानं अर्ध्या दिवसात काम केलं. मी शेजारी बसून पाहिलं. कॉलेजात मला ट्रॅक्टर शिकवला होता, हे शिकवलं नव्हतं.

बैलगाडीच्या आसाचं वंगण संपलं तर चाक कोसभर आधी ओरडतं. इंजिन ओरडलं तर समजा उशीर झाला. फिल्टरच्या डब्यात तेल कडेच्या बारीक भोकांतून शिरतं, कागदातून गाळलं जातं आणि मधल्या भोकातून बाहेर पडतं. डबा ज्या पोकळ स्टडवर फिरवून बसवतो, त्याच स्टडमधून हे गाळलेलं तेल थेट बेअरिंगकडं जातं. चहाच्या गाळणीखाली कपात माती पडली तर गाळणीचा काय उपयोग? तसंच आहे. स्टडवर काम करताना लोखंडाचा कीस आत पडला तर त्याला अडवणारं पुढं काही नाही. आटे नीट झाले आणि इंजिन गेलं, असं यातूनच होतं.

म्हणून आधी बिघाड कुठं आहे ते बॅटरी मारून पाहा. डब्याचे आटे गेले असतील तर डबा फेका, नवा आणा. स्टडचे पहिले दोन-तीन आटे चेपले असतील तर त्याच मापाची डाय लागते. स्टड काढता येत असेल तर काढूनच काम करा किंवा नवा बसवा. काहींच्या आत षटकोनी खाच असते, तिथं ॲलन की चालते. नसेल तर दोन नट एकमेकांवर आवळायचे आणि आतला, म्हणजे इंजिनकडचा, उलटा फिरवायचा. पाइपपाना आट्यांवर लावू नका. स्टड जागेवरच ठेवायचा असेल तर भोकात स्वच्छ फडकं कोंबा, त्याचं शेपूट बाहेर ठेवा. कापसाचा बोळा नको, आपल्या घरचा असला तरी नको, त्याचे तंतू आत राहतात. डायला भरपूर ग्रीस लावा, कीस त्यात चिकटतो. थोडं पुढं, थोडं मागं, असं फिरवा. शेवटी पुसा, डिझेलनं धुवा, मगच फडकं काढा.

स्टड ज्यात बसतो तेच आटे गेले असतील तर घरी हात लावू नका. फिल्टरचं हेड बोल्टनं लावलेलं वेगळं असेल तर ते सोडवून लेथवाल्याकडं न्या. तो भोक मोठं करून नवे आटे पाडतो आणि त्यात हेलिकॉईल बसवतो. आमचं तेच झालं. स्टड काटकोनात उभा राहिला पाहिजे, नाहीतर रबरी रिंग एका बाजूनं सुटते.

धागा, सफेदा, टेफ्लॉन, एम-सील यातलं काही लावू नका. तेल अडवते ती रबरी रिंग. आटे फक्त डबा ओढून धरतात. वर लावलेल्याचा तुकडा सुटला तर तो तेलाच्या वाटेत जाऊन बसतो.

आता आटे जातात कशानं? एक, डबा निघेना म्हणून त्यात पेचकस ठोकतात, पत्रा फाटतो, मग छिन्नी चालते आणि ती स्टडला लागते. जुना पट्टा किंवा साखळीचा पाना वापरा. दुसरं, चुकीचा फिल्टर. २० मिलिमीटर, दीड मिलिमीटर आट्याचा एक असतो आणि पाऊण इंची, इंचाला १६ आटे असलेला दुसरा. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. पाऊण इंची स्टडवर २० चा डबा सैल चढतो, बसल्यासारखा वाटतो आणि तेलाच्या दाबानं सुटतो. आमच्या गाडीवर हाच चढवला होता. दुकानात जाताना जुना डबा हातात घेऊन जा.

बसवताना जुनी रिंग वर चिकटून राहिली नाही ना ते बोटानं पाहा. नव्या रिंगला तेल लावा. डबा पहिल्या आट्यापासून नुसत्या हातानं फिरला पाहिजे. अडला तर उलटा फिरवून पुन्हा धरा. रिंग टेकली की साधारण पाऊण फेरा, डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर तसं. इंजिन सुरू करा, लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. खाली पाहा, बंद करा, दहा मिनिटांनी पट्टी काढून तेल मोजा.

जेवणानंतर आमची गाडी वडाखाली उघडतो. दोन्ही मापांचे डबे आणि पाऊण इंची जुना स्टड आणला आहे. तरुण पोरांनी हातानं चढवून पाहावं. निघालेलं तेल डब्यात भरून न्यायचं, विहिरीजवळ सांडायचं नाही.