गोवर आणि शरीराची स्मृती

कोलकात्याच्या सियालदह स्थानकावर लोकलगाडी रिकामी होताना लोटणारी गर्दी पाहावी. गोवराला एवढी दाटीही लागत नाही. रोगी निघून गेल्यावर त्याचे विषाणू दोन तासांपर्यंत हवेत तग धरू शकतात.

एकदा गोवर येऊन गेला की जन्माची निश्चिंती, हे बहुधा खरेच. १८४६ साली फेरो बेटांवरील साथीत पानुम या डॅनिश वैद्याला १७८१ चा गोवर भोगलेले वृद्ध सुरक्षित आढळले. परंतु एचआयव्हीचा विषाणू शरीराची ही स्मृतीच पोखरू शकतो. लस टोचावी, तर ती जिवंत विषाणूंची. रक्तातील सीडी-४ पेशी दोनशेच्या खाली असल्यास तीच बाधायची. औषधे नियमित घेऊन पेशी वाढल्या व टिकल्या, की डॉक्टरांच्या सल्ल्याने ती घेता येते. तोवर अशा प्रौढाचे रक्षण बाकावर शेजारी बसलेल्या मुलाला मिळालेल्या दोन मात्रांवर. आणि गोवराच्या रोग्याशी संपर्क आलाच, तर पुरळाची वाट पाहू नये. ते कधी उठतही नाही. प्रतिपिंडांचे इंजेक्शन सहा दिवसांच्या आतच उपयोगी पडते.