सरासरीचा दावा, छत्तीस जणींचा नमुना

वसई पूर्वेच्या सातिवलीत कारखान्यांचे गाळे आहेत. समजा, कुणी म्हणालं, 'इथल्या कामगार महिलांचं सरासरी हिमोग्लोबिन किमान १२ ग्रॅम आहे.' जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गर्भवती नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन त्याखाली गेलं, की तो रक्तक्षय. दावा पारखायचा कसा?

हजेरीपटांवरून चिठ्ठ्या टाकून ३६ जणी निवडल्या, असं धरू. सरासरी आली ११.६, प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांचा विखुरलेपणा, १.२. छत्तीसचं वर्गमूळ सहा, १.२ ला सहाने भागलं की सरासरीची प्रमाण त्रुटी ०.२. म्हणजे नमुन्याची सरासरी दाव्याच्या दोन प्रमाण त्रुटी खाली आहे. खरी सरासरी १२ असती, तर निव्वळ योगायोगाने इतकी किंवा याहून जास्त घट शंभरात जेमतेम तीनदा दिसते. पाच टक्क्यांच्या प्रचलित कसोटीवर दावा टिकत नाही.

चिठ्ठ्या मात्र हव्यातच. त्याऐवजी तपासणी शिबिर घेतलं आणि त्याला थकवा जाणवणाऱ्याच जास्त आल्या, तर अचूक गणितही फसवं ठरतं.

शिवाय सरासरीवरून एकेका व्यक्तीचा निकाल लावता येत नाही. सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी उष्मांकांच्या सरासरी गरजेपेक्षा कमी खाणाऱ्या प्रत्येकाला कुपोषित ठरवायला ठाम विरोध केला. उलटही खरं: सरासरी १२ भरली, तरी नऊ ग्रॅमवाली बाई त्यात असू शकते. तिला उपचार लागतातच.