आवडीचा क्रम : १९५७ चे हिंदी बोलपट

बोलपट पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला दोन प्रश्न विचारता येतात. बोलपट चांगला आहे काय, हा पहिला. आणि तो आवडला काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तो जरा सावरून, भोवतालच्या मंडळींचा अंदाज घेऊन देतो. दुसऱ्याचे उत्तर बहुधा त्याच्या चेहऱ्यावरच असते. पारितोषिके देणाऱ्यांना पहिल्या प्रश्नाशीच कर्तव्य असते, आणि ते योग्यही आहे. परंतु एखादा बोलपट वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा पाहावासा वाटतो की नाही, हे ठरते ते मात्र दुसऱ्या उत्तरावरून.

या दृष्टीने १९५७ हे साल मोठे अडचणीचे आहे. 'प्यासा', 'नया दौर', 'मदर इंडिया' आणि 'दो आँखें बारह हाथ' हे चारही बोलपट त्या एकाच वर्षातले. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक 'दो आँखें'ला मिळाले. फिल्मफेअरचा मान 'मदर इंडिया'ने नेला, आणि अमेरिकेतील ऑस्करसाठीही त्याचे नामांकन झाले. 'प्यासा'च्या वाट्याला या मोठ्या मानांपैकी एकही आला नाही. केवळ आनंद हीच कसोटी धरून क्रम लावावयाचा, तर हा सारा मानपान प्रथम बाजूला ठेवावा लागतो.

तसे केले की पहिले आसन 'प्यासा'कडे जाते. येथे कोणी म्हणेल की, ज्याच्या कविता सख्खे भाऊ रद्दीत विकतात, अशा कवीची कथा पाहण्यात आनंद तो कसला? मराठी रसिकांना हा प्रश्न नवा नाही. बडोद्यास १९२१ साली भरलेल्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी याच कोड्याचे उत्तर 'सविकल्प समाधी' या कल्पनेने देऊ केले होते. वाचक स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, आणि या दुहेरी अवस्थेत परक्याचे दुःखही आस्वाद्य होते, असा त्यांचा आशय. अंधाऱ्या सभागृहात बसलेल्या प्रेक्षकाला तर ही समाधी फारच सहज लागते.

आणि 'प्यासा' निव्वळ रडवीत नाही, हे विसरता कामा नये. रद्दीवाल्याच्या दुकानात आपले कागद शोधायला गेलेल्या विजयला कळते की ते कोणी एका बाईने नेले. पुढे रात्रीच्या रस्त्यावर त्याचेच शब्द गुलाबोच्या तोंडून त्याच्या कानी पडतात. कथेतील हा दुवा इतका हलक्या हाताने जुळविला आहे की प्रेक्षक तेथेच कथेच्या स्वाधीन होतो. साहिरची कविता आणि सचिन देव बर्मन यांची चाल यांत संवाद कोठे संपला व गाणे कोठे सुरू झाले ते कळत नाही. तेलमालिश करणारा जॉनी वॉकरचा सत्तार येतो आणि उदास गावात जत्रा भरल्यासारखे वाटते. शेवटी, मृत समजल्या गेलेल्या कवीच्या स्मरणार्थ भरलेल्या सभेच्या दारात तो स्वतःच उभा राहतो, मागून प्रकाशाचा झोत. व्ही. के. मूर्ती यांच्या कॅमेऱ्याने टिपलेले ते दृश्य एकदा पाहिले की पुसले जात नाही. धुक्यातले ते स्वप्नातील युगुलगीत मात्र नसते तरी चालले असते. गुरुदत्तसारखा दिग्दर्शकही कधी कधी बाजाराला भितो, इतकेच त्यावरून दिसते.

दुसऱ्या आसनावर जो येतो त्याने मानकऱ्यांच्या भुवया उंचावतील. तो 'नौ दो ग्यारह'. विजय आनंद या तेवीस वर्षांच्या तरुणाने दिग्दर्शित केलेला हा पहिलाच बोलपट. दिल्लीहून मुंबईकडे निघालेला एक ट्रक, गाणी म्हणत तो हाकणारा देव आनंद, आणि लग्नमंडपातून पळून सरदार मुलाच्या वेषात त्यात दडलेली कल्पना कार्तिक. कथा म्हणावी तर एवढीच. पुढे वारसा, कपट, खून वगैरे येते आणि गाडी नेहमीच्या रुळावर जाते. पण पहिला निम्मा भाग म्हणजे निखळ प्रवास आहे. त्यात कोणी कोणाला उपदेश करीत नाही. देशाला स्वातंत्र्य मिळून दहा वर्षे झाली होती, आणि पडद्यावरचा तरुण प्रथमच जणू कोणाचे देणे न लागता मोकळ्या रस्त्याने चालला होता. या मोकळेपणालाही काही मोल आहे.

'नया दौर' त्याच्या पाठोपाठ. टांगा आणि मोटार यांची शर्यत ही कल्पनाच अशी की दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या दिवसांत ती प्रत्येक खेड्याला आपली वाटावी. बी. आर. चोप्रा यांनी चित्रीकरणासाठी नर्मदाकाठचे बुधनी निवडले. माळव्यातल्या मंडळींना तो मुलूख परका वाटणार नाही. दिलीपकुमारचा टांगेवाला जिंकणार हे ठाऊक असूनही शेवटच्या पाव तासात श्वास रोखला जातो. २००७ साली त्याला रंग देऊन तो पुन्हा दाखविण्यात आला. कृष्णधवल रूपातच त्याची धूळ अधिक खरी वाटते.

आता मराठी माणसाच्या मनाला लागणारी गोष्ट. 'दो आँखें बारह हाथ' या क्रमात पाचवा येतो. दिग्दर्शन शांतारामबापूंचे, कथा ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाई यांचे, आणि बीज औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या मुक्त तुरुंगाचे. म्हणजे अंगणातलेच सारे. बर्लिनलाही १९५८ साली त्याचा गौरव झाला. सहा खुनी कैदी बाजारात मार खातात आणि दिलेल्या शब्दासाठी हात उचलीत नाहीत, तो प्रसंग हिंदी पडद्याच्या इतिहासात थोर आहे. पण आदिनाथ जेलर इतका निर्दोष आहे की प्रेक्षक त्याला नमस्कार करतो आणि जरा दूर बसतो. अंतीच्या बैलांच्या झुंजीत शांतारामबापूंच्या स्वतःच्या डोळ्यांना दुखापत झाली होती, हे कळल्यावर आदर आणखी वाढतो, परंतु आदर हा आनंद नव्हे. आपल्या माणसाचे म्हणून आसन वर सरकवावयाचे, तर मग हा खेळ मांडण्यातच अर्थ राहत नाही.

त्याच्या किंचित वर, चौथ्या जागी, 'मदर इंडिया' आहे, व तो मुख्यतः कन्हैयालालच्या सुखीलालामुळे. १९४० च्या 'औरत'मध्ये हीच भूमिका त्यानेच केली होती. नर्गिसचे मातृत्व पर्वतासारखे आहे; पण या दुष्ट, लोचट, खतावणी उराशी धरणाऱ्या सावकाराने तीन तासांचा तो डोंगर चढण्याजोगा केला आहे.

उरलेल्यांत 'मुसाफिर' सहावा. एकाच घरात एकामागून एक येणाऱ्या तीन भाडेकरूंच्या या कथेत हृषीकेश मुखर्जींचा पुढचा सारा स्वभाव दिसतो, फक्त अजून बिचकत. 'देख कबीरा रोया' मदनमोहनच्या संगीतासाठी, 'पेइंग गेस्ट' नूतनसाठी, 'तुमसा नहीं देखा' शम्मी कपूरच्या अंगात शिरलेल्या वाऱ्यासाठी. यांचा आपसांतला क्रम रोज बदलला तरी बिघडणार नाही.

अगदी शेवटी 'आशा'. त्याची कथा आज आठवतही नाही. मात्र चितळकर रामचंद्रांनी त्यातल्या 'ईना मीना डीका'ला अशी काही चाल लावली की ते गाणे किशोरकुमारच्या उड्यांसह दोन-तीन पिढ्यांच्या पोरांनी अंगणात गायिले. त्या गाण्यात एका गोमंतकीय वादकाने आपल्या कोकणीतल्या दोन शब्दांची भर घातली, असे सांगतात. आणि पणजी-मडगावकडच्या श्रोत्याला ते शब्द ऐकू येताच हसू आवरत नाही.