न ऐकतां झालेला निवाडा

इंग्लंडांतील चेम्सफर्ड येथें एका बाजारसंकुलांत गिऱ्हाइकांना मोटार उभी करण्यास दोन तासांची फुकट मुभा होती. सन २०१३ च्या एप्रिल महिन्यांत बॅरी बीव्हिस या गृहस्थांनीं तेथें आपली गाडी ठेविली आणि दोन तासांवर आणखी ५६ मिनिटें ती तेथेंच राहिली. वाहनतळ चालविणाऱ्या कंपनीनें त्यांच्याकडे ८५ पौंडांची मागणी केली. चौदा दिवसांच्या आंत भरणा केल्यास ५० पौंडांवर भागणार होतें. परंतु बीव्हिस यांनीं ही रक्कम अवास्तव असल्याचें सांगून ती देण्याचें साफ नाकारलें. तंटा काउंटी न्यायालयांतून अपील न्यायालयांत व तेथून सर्वोच्च न्यायालयांत गेला. ४ नोव्हेंबर २०१५ रोजीं सात न्यायमूर्तींपैकीं सहांनीं कंपनीच्या बाजूनें कौल दिला. फुकट जागा सर्वांना आळीपाळीनें मिळावी हा जागामालकाचा हेतु रास्त आहे, आणि त्या हेतूच्या मानानें हा आकार अतिरिक्त नाहीं, असें न्यायालयाचें मत पडलें.

बीव्हिस हरले खरे. पण त्यांचें म्हणणें तीन न्यायालयांनीं पूर्ण ऐकून घेतलें. ज्यांचें म्हणणें कोणींच ऐकलें नाहीं, ज्यांना आपल्यावर दावा झाल्याची वार्ताहि नव्हती, आणि तरीहि ज्यांच्या नांवावर न्यायालयाचा निवाडा नोंदला गेला, अशा मोटारवाल्यांची गोष्ट निराळी आहे. प्रस्तुत विचार मुख्यतः त्यांच्यासंबंधीं आहे.

प्रथम एक भेद ध्यानीं घेतला पाहिजे. नगरपालिकेनें रस्त्यावर लाविलेला दंड हा कायद्यानें दिलेल्या अधिकारांतून येतो. खाजगी जागेवरील आकार हा दंड नव्हेच; तो कराराचा पैसा आहे. फाटकाशीं लावलेली पाटी म्हणजे अटींचें पत्रक, आणि गाडी उभी करणें म्हणजे त्या अटींना संमति, असें कायदा मानतो. कंपनीला पैसे हवे असल्यास तिनें इतर कोणत्याहि धनकोप्रमाणें दिवाणी न्यायालयांत जावें लागतें.

पूर्वीं कंपन्या न्यायालयाची वाट पाहत नसत. त्या गाडीच्या चाकाला लोखंडी खोडा घालीत आणि पैसे मिळाल्यावांचून तो काढीत नसत. या जुलुमाविरुद्ध ओरड झाल्यावर १ ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंड व वेल्समध्यें खाजगी जागेवरील हा प्रकार कायद्यानें बंद झाला. मात्र त्याच कायद्यानें कंपन्यांना एक मोबदला दिला: गाडी कोण चालवीत होता हें ठाऊक नसलें, तरी ठराविक मुदतींत नोटीस पाठविल्यास गाडीच्या नोंदलेल्या धारकाकडून पैसे मागण्याचा हक्क त्यांना मिळाला. धारकाचें नांव व पत्ता सरकारी वाहन-नोंदणी कचेरीकडून प्रत्येकीं अडीच पौंडांस मिळतो. सन २०२४-२५ या एका वर्षांत अशा तऱ्हेनें मागविलेल्या नोंदींची संख्या एक कोटी चाळीस लाखांच्या वर गेली. चाकाचा खोडा गेला. त्याच्या जागीं टपाल आलें.

या टपालाचा मार्ग पाहण्यासारखा आहे. मूळ आकार बहुधा १०० पौंडांपर्यंत असतो. उत्तर न आल्यास वसुलीचा खर्च म्हणून ७० पौंडांपर्यंत भर पडते. पुढें दावा लागला कीं, न्यायालयाचें शुल्क ३५ पौंड व वकिलाचा ठराविक खर्च ५० पौंड त्यांत मिळतो. अशा रीतीनें शंभराचे दोनशें पंचावन्न होतात, व्याज निराळेंच. दाव्याचे कागद मिळाल्यावर उत्तर देण्यास चौदा दिवसांची मुदत असते. प्राप्ति कबूल केल्यास ती अठ्ठावीस दिवसांपर्यंत वाढते. मुदतींत उत्तर आलें नाहीं, तर फिर्यादीच्या अर्जावरून एकतर्फी निवाडा नोंदला जातो. त्या वेळीं कोणी न्यायाधीश पाटीवरील अक्षर वाचण्याजोगें होतें कीं नाहीं, तिकिटाचें यंत्र चालू होतें कीं नाहीं, याची चौकशी करीत नाहीं. पुरावा तपासला जात नाहीं. केवळ मौनाची नोंद होते.

आतां हें मौन कशामुळें असतें? कांहीं लोक नोटिसा बुद्ध्याच केराच्या टोपलींत टाकतात. त्यांची कींव करण्याचें कारण नाहीं. परंतु कांहींना कागद पोहोंचतच नाहींत. प्रतिवादीच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर टपालानें कागद पाठविले म्हणजे बजावणी झाली, असें तेथील नियम सामान्यतः धरून चालतात. तो पत्ता आतां खरा नाहीं असें मानण्यास फिर्यादीला कारण असेल, तरच नवा पत्ता शोधण्याचें कर्तव्य त्याच्यावर येतें. ज्यानें बिऱ्हाड बदललें, त्याच्या जुन्या दारांत पत्रें पडून राहतात. आणि दोन वर्षांनीं घरासाठीं कर्ज मागावयास तो पेढींत जातो, तेव्हां आपली पत गेली आहे हें त्याला प्रथम कळतें.

कारण हा निवाडा सार्वजनिक नोंदवहींत सहा वर्षें राहतो. निवाड्यापासून एका महिन्याच्या आंत पूर्ण रक्कम भरली, तरच तो समूळ पुसला जातो. त्यानंतर पैसे भरले तर ‘फिटलें’ असा शेरा पडतो, पण नोंद राहतेच. निवाडा रद्द करून घ्यावयाचा तर अर्जाचें शुल्कच तीनशें पौंडांच्या वर आहे. म्हणजे शंभर पौंडांच्या मागणीविरुद्ध नुसतें बोलूं देण्याची परवानगी मागण्यास तिच्या तिप्पट रक्कम हातीं लागते. गरीब मनुष्य येथेंच थांबतो.

आपल्याकडील श्रोत्यांना हा विषय अगदींच परका वाटूं नये. शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं इंग्लंडांत गेलेलीं मराठी मुलें-माणसें प्रथम भाड्याच्या घरांत राहतात आणि तीं घरें वारंवार बदलतात. गाडी चालविण्याच्या परवान्यावर नवा पत्ता घातला म्हणजे काम झालें, अशी त्यांची सहज समजूत होते. वास्तविक गाडीच्या नोंदणीपत्रावरील पत्ता वेगळा बदलावा लागतो. तो बदलणें हें धारकाचें कायदेशीर कर्तव्य आहे आणि त्यांत कसूर केल्यास दंडहि आहे. तेव्हां सारा दोष कंपन्यांवर ढकलणें न्यायाचें होणार नाहीं.

जागामालकाची बाजूहि खोटी नाहीं. आगगाडीच्या स्टेशनाजवळील दुकानाच्या आवारांत सकाळीं गाड्या ठेवून लोक दिवसभर कामावर निघून गेले, तर दुकानदाराच्या गिऱ्हाइकांनीं कोठें जावें? इस्पितळाच्या दारांतील जागा परक्यांनीं अडविली, तर रोग्यानें काय करावें? कांहीं आकार असणें अवश्य आहे, आणि तो न देणाऱ्यावर दावा करण्याचा मार्गहि मोकळा पाहिजे. प्रश्न एवढाच कीं, चुकलेल्या एका तासाबद्दल सहा वर्षांची बदनामी, तीहि न ऐकतां, ही शिक्षा प्रमाणांत आहे काय?

या ठिकाणीं आपल्या देशाच्या दिवाणी कायद्याकडे पाहिलें तर एक गोष्ट लक्षांत येते. सन १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेंत एकतर्फी हुकूमनाम्याची तरतूद आहेच. पण समन्स रीतसर बजावलें गेलें नव्हतें, असें प्रतिवादीनें पटवून दिल्यास तो हुकूमनामा रद्द करण्याचीहि तरतूद आहे. आणि सन १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानें या अर्जासाठीं जे तीस दिवस दिले आहेत, ते समन्स रीतसर पोहोंचलें नसल्यास हुकूमनाम्याच्या तारखेपासून नव्हे, तर प्रतिवादीला तो कळला त्या दिवसापासून मोजावयाचे असतात. आपल्या न्यायालयांत विलंब फार, दारावर डकविलेल्या समन्साच्या कथाहि फार. तथापि मुदत कळल्या दिवसापासून मोजावी, हें तत्त्व निर्दोष आहे. निवाडा पुसून घेण्याचा इंग्लंडांतील एक महिना मात्र प्रतिवादीला कांहीं कळण्यापूर्वींच सरून जाऊं शकतो.

सुधारणेचे प्रयत्न तेथें झाले नाहींत असें नाहीं. सर ग्रेग नाइट या सभासदांनीं मांडलेलें खाजगी विधेयक सन २०१९ मध्यें कायदा झालें आणि सरकारनें वाहनतळांसाठीं एक आचारसंहिता करावी असें ठरलें. ती फेब्रुवारी २०२२ मध्यें प्रसिद्ध झाली. तींत आकाराची मर्यादा पुष्कळ खालीं आणली होती आणि वसुलीच्या जादा खर्चास बंदी होती. कंपन्यांनीं न्यायालयांत आव्हान दिल्यावर त्याच वर्षाच्या जूनमध्यें सरकारनें ती मागें घेतली. सन २०२४ मध्यें धंद्यांतील दोन संघांनीं स्वतःची संहिता काढली. सन २०२५ च्या जुलैमध्यें सरकारनें पुन्हा लोकांचीं मतें मागविलीं.

या सगळ्या वादांत आकार किती असावा यावरच बहुतेक शक्ति खर्च होते. तो प्रश्न महत्त्वाचा आहे. पण त्याहून महत्त्वाची आहे ती खबर. दावा लावण्यापूर्वीं फिर्यादीनें पत्ता ताजा आहे याची खात्री करून घ्यावी. वसुलीसाठीं माणूस नव्या घरीं सांपडतो, तर दाव्यासाठीं कां सांपडूं नये? कागद जुन्या पत्त्यावर गेल्याचें सिद्ध झाल्यास निवाडा रद्द करण्यास शुल्क पडूं नये. आणि नोंद पुसण्याचा महिना माणसाला निवाडा कळल्यापासून मोजावा. या तीन गोष्टींनीं कोणाही जागामालकाचा रास्त पैसा बुडत नाहीं. ज्याच्याकडे उत्तर नाहीं तो मग हरेलच. पण बीव्हिस यांच्याप्रमाणें ऐकून घेतला जाऊन हरेल.

तोंपर्यंत ज्यांचीं मुलें तिकडे आहेत त्यांनीं पत्रांतून एवढें अवश्य लिहावें: घर बदलतांच गाडीच्या नोंदणीपत्रावरील पत्ता बदला, आलेली नोटीस खोटी वाटली तरी तिला लेखी उत्तर द्या, आणि अपरोक्ष निवाडा झाल्याचें कळलें, तर त्याच आठवड्यांत अर्ज करा, कारण अर्जदारानें तत्परता दाखविली कीं नाहीं हें न्यायालय पाहतें.