मक्याची भाकरी आणि खुला बाजार

शेजारी देशांनी एकत्र येऊन आपापसांतली जकात उठवली की व्यापार वाढतो आणि देश श्रीमंत होतो, असं आपण नेहमी ऐकतो. ते खोटं नाही. पण ‘देश’ म्हणजे नेमकं कोण, हेही विचारायला हवं. मेक्सिकोचंच पाहा.

१ जानेवारी १९९४ रोजी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा ‘नाफ्टा’ करार अमलात आला. त्याच दिवशी मेक्सिकोच्या चियापास राज्यात आदिवासी शेतकऱ्यांनी बंड पुकारलं. त्यांना जमिनीची चिंता होती, तशी मक्याचीही. आपल्याकडे ज्वारी, तसा तिकडे मका. चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून त्याची ‘तोर्तिया’ करतात. आपल्या भाकरीची ती बहीणच.

मक्यावरचं आयातशुल्क एकदम नव्हे, १५ वर्षांत टप्प्याटप्प्यानं उठवायचं, असं करारात होतं. पण ठरलेल्या कोट्यापेक्षा जास्त मका आला, तेव्हा सरकारनं जादा मालावरचं शुल्क वसूलच केलं नाही. शेतकऱ्याला सावरायला दिलेली मुदत कागदावरच राहिली. पलीकडे मोठी शेतं, यंत्रं आणि सरकारी अनुदान. अलीकडे डोंगरउतारावरचा कोरडवाहू तुकडा. मक्याचा भाव पडला. लाखो माणसं शेती सोडून शहरांत गेली, कित्येक सीमा ओलांडून अमेरिकेत. तोर्तिया मात्र स्वस्त झाली नाही. जानेवारी २००७ मध्ये तिच्या महागाईविरुद्ध राजधानीत मोर्चा निघाला.

आता दुसरी बाजू. मोटारींचे, यंत्रांचे कारखाने आले. २०२३ साली चीनला मागे टाकून मेक्सिको अमेरिकेला सर्वाधिक माल विकणारा देश ठरला. मात्र सुमारे ८० टक्के निर्यात एकाच गिऱ्हाइकाकडे जाते. ते गिऱ्हाईक मंदीत सापडलं, तेव्हा २००९ मध्ये मेक्सिकोची अर्थव्यवस्था ५ टक्क्यांहून अधिक आकसली. २०२० मध्ये नाफ्टाच्या जागी नवा करार आला. हे अवलंबन संपलं नाही.

म्हणून करार वाईट, असं मी म्हणत नाही. अडचण हिशेबाची आहे. नफा उत्तरेच्या कारखान्यात जमा होतो आणि तोटा दक्षिणेच्या शेतात. कागदावर बेरीज-वजाबाकी करून शिल्लक दिसते. पण ज्याचं शेत गेलं, त्याच्या ताटात ती पडत नाही. पन्नाशीचा शेतकरी एका रात्रीत मोटारी जोडायला शिकत नाही. त्याला दिलेली मुदत पाळणं, पाणी, कर्ज आणि नवं काम त्याच्यापर्यंत पोचवणं, हाही कराराचाच भाग मानला पाहिजे. करारावर सही सरकार करतं. किंमत कोण मोजणार, हे सहीआधीच विचारलेलं बरं.