रोहिणीताईंची पढंत



आपल्या बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेखही आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. घरात मराठी, बाजारात हिंदी, पलीकडच्या गल्लीत उर्दू. अशा गावाला कथक नर्तकी रोहिणी भाटे यांची अनेक भाषांतून गेलेली वाट ओळखीची वाटेल.

त्यांचा जन्म 1924 चा, पाटण्याचा; शिक्षण पुण्याला, फर्ग्युसन कॉलेजात. आधी भरतनाट्यम्, मग कथक. 1947 साली, जेमतेम बाविशी-तेविशीत, त्यांनी पुण्यात 'नृत्यभारती' सुरू केली. घरंदाज मुलींनी घुंगरू बांधायचे नसतात, असं मानणारा तो काळ. शिकवायला लागल्या म्हणून स्वतःचं शिकणं काही सोडलं नाही. लखनौ घराण्याचे लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्या पुढे बरीच वर्षं शिकत होत्या.

मला कौतुक आहे ते त्यांच्या लेखणीचं. संस्कृतातला 'अभिनयदर्पण' त्यांनी कथकसाठी 'कथकदर्पणदीपिका' या नावानं संपादित केला. इझाडोरा डंकनचं आत्मचरित्र 'मी इझाडोरा' म्हणून मराठीत आणलं. गंमत बघा, बॅलेची सगळी शिस्त झुगारणाऱ्या इझाडोराला मराठी वाचा दिली ती मात्रा न् मात्रा मोजणाऱ्या बाईनं! स्वतःची 'माझी नृत्यसाधना'ही त्यांनी मराठीतच लिहिली.

हा काही फावल्या वेळचा छंद नव्हता. कथकच्या वर्गात पायाआधी तोंड चालतं. मुलगी हातावर तीनताल धरते, टाळी, खाली दाखवत 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्' मोठ्यानं म्हणते. हीच पढंत. सोळा मात्रांत जीभ जिथे अडखळली, तिथेच पुढे पाय अडखळतो. घराण्यात जन्मलेल्या पोराच्या हे कानावरूनच अंगात उतरतं. पुण्याच्या वाड्यातून आलेल्या मुलीला मात्र ते उलगडून सांगावं लागतं, आणि त्याला शब्द लागतात. माझ्या मते रोहिणीताईंची पुस्तकं याच गरजेतून आली.

1979 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या मध्य प्रदेशानंही कालिदास सन्मान दिला. 2008 साली त्या गेल्या.

तुमच्या मुलीला कथकच्या क्लासला घालणार असाल, तर फी विचारण्याआधी एवढं जरूर विचारा: पढंत करून घेता ना?