दोन्ही हातांचा ब्रेक

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून सायकलीच्या ब्रेकविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण आपण भिलाईची माणसे आहोत. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि पुढे कितीतरी वर्षे हे गाव पाळीच्या वेळी सायकलीवरच हलत असे. दुपारी दोनची पाळी सुटली की सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर सायकलींचा लोंढा येई. आमचे वडील त्यातलेच एक. त्यांच्याच काळ्या, सळईच्या ब्रेकच्या सायकलीवर, दांडीखालून पाय घालून, इकडच्या भाषेत ‘कैंची’ मारीत, मी सायकल शिकलो. ढोपरे फुटली, कोपरे सोलली. त्याचे कोणाला काही वाटत नसे.

वडिलांचा उपदेश एकच होता : “पुढचा ब्रेक दाबायचा नाही, तोंडावर आपटशील.” मी तो पाळला आणि पुढे माझ्या मुलालाही तसाच्या तसा दिला.

मुलगा चौदा वर्षांचा असताना, आषाढातल्या एका सकाळी, शिकवणीहून परतताना त्याच्यासमोर अचानक गाय आली. त्याने माझे ऐकले आणि फक्त मागचा ब्रेक आवळला. चाक जागीच अडकले, ओल्या रस्त्यावर आडवे घसरले, आणि तो उघड्या तळहातावर पडला.

दोष गायीचा नव्हता. सायकल थांबू लागली की स्वाराचा भार पुढे सरकतो; मागचे चाक हलके होते आणि पुढचे रस्त्याला घट्ट धरते. म्हणजे थांबवण्याचे खरे बळ पुढच्याच चाकात असते. वडिलांचे म्हणणे अर्धे खरे होते : पुढचा ब्रेक झटक्याने आवळला, तर माणूस हँडलवरून पलीकडे जातो. म्हणून तो हळूहळू, वाढत्या दाबाने लावायचा, हात ताठ करून अंग मागे न्यायचे आणि मागचा ब्रेक सोबत ठेवायचा. मात्र वळणावर, वाळूवर किंवा चिखलात पुढच्या ब्रेकवर जोर नको. तेथे वेग आधीच कमी केलेला बरा.

ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. धोका दिसून बोटे आवळेपर्यंत एक सेकंद गेला, तर ५ मीटर तसेच जातात. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, ब्रेक चांगले असतील तर, दोन्ही मिळून अडीच-तीन मीटरांत सायकल थांबते. केवळ मागच्याला पाच-सहा मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते. पावसात हा हिशेबच कोलमडतो. आपण पोलादाच्या गावात राहतो, पण ओली पोलादी रिम ब्रेकच्या रबराला दाद देत नाही. म्हणून पावसात चालता चालता ब्रेक हलकेच टेकवून रिम पुसून घ्यावी. रेल्वेचा रूळही ओला असला की तसाच निसरडा. तो काटकोनातच ओलांडावा.

आता माझी दुसरी चूक सांगतो. ती मला अधिक जड जाते. मुलाचे मनगट थोडेसेच सुजले होते. मी म्हणालो, “मुका मार आहे,” आणि रोज तेल लावून चोळत राहिलो. तीन आठवड्यांनी डॉक्टरांना दाखवले, तेव्हा कळले की मनगटातले एक लहानसे हाड मोडले आहे. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी एक खळगा पडतो; जुनी माणसे त्यात तपकिरीची चिमूट ठेवीत. पडल्यानंतर तेथे दाबून दुखले, तर सूज कितीही कमी असो, डॉक्टरांकडे जावे. या हाडाचा रक्तपुरवठा तोकडा असल्याने ते सावकाश जुळते आणि पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसतही नाही. मुलाचे मनगट आजही पुरते मागे वळत नाही. त्याने मला कधी बोल लावला नाही.

खरचटल्यावर हळद किंवा टूथपेस्ट भरू नये. वाहत्या पाण्याने आणि साबणाने खडी-माती निघेपर्यंत धुवावे, स्वच्छ पट्टी बांधावी, धनुर्वाताच्या लसीची तारीख तपासावी. डोके आपटल्यावर उलटी होऊ लागली किंवा मूल पेंगू लागले, अथवा हँडलचे टोक पोटात बसून पोट दुखू लागले, तर सकाळची वाट पाहू नये.

आपल्या क्रीडाशिक्षकांनी मैदानावर चुन्याची एक रेघ आखून ठेवली आहे. रेघेपाशी पोहोचताच दोन्ही ब्रेक लावायचे आणि चाक किती पुढे थांबते ते मोजायचे. पालकहो, मुलांच्या आधी आपण चला. माझी सायकल फाटकापाशी आहे.